हलक्या ब्राउझरचे अर्थकारण : जुने संगणक, मुक्त स्रोत आणि मराठी वापरकर्ता

संगणक विकत घेताना आपण त्याची किंमत विचारतो. तो किती वर्षे उपयोगी पडेल हे मात्र क्वचितच विचारतो. विकसनशील अर्थव्यवस्थेत हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित मोफत आधार बंद केला. विंडोज ११ ला लागणारी यंत्रसामग्री असंख्य जुन्या संगणकांत नाही. हे संगणक बिघडलेले नाहीत; त्यांचा पडदा, कळफलक, तबकडी सर्व काही चालू आहे. तरीही बाजाराच्या दृष्टीने ते निरुपयोगी ठरू लागले आहेत. अशा संगणकांपुढे दोनच मार्ग उरतात : एक भंगाराचा आणि दुसरा मुक्त स्रोत प्रणालीचा.

दुसरा मार्ग स्वीकारणाऱ्यांना लवकरच एक अनुभव येतो. लिनक्सवर आधारलेली हलकी प्रणाली जुन्या संगणकावर सहज बसते आणि काही क्षणांत सुरूही होते. पण ब्राउझर उघडला, दोन-तीन संकेतस्थळे चालू झाली, की संगणक पुन्हा अडखळू लागतो. म्हणजे प्रणाली हलकी करून मिळवलेली बचत ब्राउझर खाऊन टाकतो. म्हणूनच मुक्त स्रोत संगणकासाठी कोणता ब्राउझर निवडावा, हा केवळ हौशी तंत्रज्ञांचा प्रश्न राहत नाही. उपलब्ध साधनसंपत्तीचा जास्तीत जास्त उपयोग कसा करावा या अर्थशास्त्राच्या मूळ प्रश्नाचेच ते एक रूप आहे. प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार त्या अंगाने करावयाचा आहे.

एका घराचे उदाहरण

भिलई-दुर्ग या जोडशहरांतील मोहन नगर ही वस्ती उदाहरणादाखल घेऊ. भिलई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि त्यानंतर देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे या परिसरात स्थायिक झाली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढाचा नागपूरशी संबंध असल्याने मराठी भाषा येथे अगदीच परकी नव्हती.

अशा वस्तीतील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. घरात दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला, २ गिगाबाइट कार्यस्मृतीचा एक संगणक आहे. आजोबांना निवृत्तिवेतनाची माहिती पाहावयाची आहे. वडिलोपार्जित शेतीचा तुकडा गोंदिया जिल्ह्यात असल्याने वडिलांना महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा पाहावा लागतो. मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा आहे आणि आजींना मराठी वृत्तपत्र वाचावयाचे आहे. या चार कामांसाठी चार वेगळी यंत्रे लागत नाहीत. एकच ब्राउझर लागतो. तो चालला तर संगणक चालला आणि तो अडला तर नवा संगणक घ्या किंवा सेवा केंद्रात पैसे मोजून रांगेत उभे राहा, एवढेच पर्याय उरतात.

केंद्र सरकारने २००६ साली सामायिक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली, तेव्हा सहा लाख गावांसाठी एक लाख केंद्रे असे तिचे उद्दिष्ट होते. या केंद्रांचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. तथापि, जे काम नागरिक घरी किंवा वाचनालयात स्वतः करू शकतो, त्यासाठी त्याला मध्यस्थाकडे जावे लागू नये, हेही तितकेच इष्ट आहे.

ब्राउझर जड का झाला?

प्रारंभीच्या काळात ब्राउझर हा वाचक होता. दूरच्या संगणकावरून मजकूर आणावा, तो पडद्यावर मांडावा, एवढेच त्याचे काम. १९९२ साली कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला लिंक्स हा ब्राउझर केवळ अक्षरे दाखवीत असे. पुढे चित्रे आली, ध्वनी आला, चलच्चित्रे आली आणि जावास्क्रिप्ट या भाषेने पानाला स्वतःची बुद्धी दिली. आज शिष्यवृत्तीचा अर्ज असलेले पान हे खरे तर पान नसून ब्राउझरच्या आत चालणारी एक छोटी संगणक-आज्ञावली असते. ब्राउझर हा वाचकाचा यजमान बनला आणि यजमानाचा खर्च पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे वाढतो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. एका संकेतस्थळाने दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती चोरू नये म्हणून आधुनिक ब्राउझर प्रत्येकाला वेगळ्या प्रक्रियेत कोंडून ठेवतो. २०१८ साली प्रोसेसरच्या रचनेतील स्पेक्टर नावाचा दोष उघडकीस आल्यावर क्रोम ब्राउझरने हे विलगीकरण सर्वत्र लागू केले. त्यामुळे कार्यस्मृतीचा वापर सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे गूगलने त्या वेळी सांगितले होते. म्हणजे ब्राउझरचा सगळाच जडपणा चैनीचा नसतो. त्यातील काही भाग हा घराच्या कुलपाचा खर्च असतो. हलका ब्राउझर निवडताना आपण नेमके काय काढून टाकीत आहोत, चैन की कुलूप, हे ओळखणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पानाचा भार कोणावर?

अर्थशास्त्रात बाह्य खर्च ही एक परिचित संकल्पना आहे. कारखाना धूर सोडतो. त्याचा खर्च कारखानदाराच्या हिशेबवहीत येत नाही, तो आजूबाजूच्या लोकांच्या फुप्फुसांवर पडतो. संकेतस्थळाच्या वजनाचेही असेच आहे. पानावर आणखी एक जाहिरात, आणखी एक फिरते चित्र, वाचकाचा माग ठेवणारी आणखी एक आज्ञावली घातली, तर संकेतस्थळाच्या मालकाला त्याचा फारसा खर्च येत नाही. वाचकाला मात्र ती उतरवून घ्यावी लागते, तिच्यासाठी कार्यस्मृती आणि वीज खर्ची घालावी लागते आणि वाट पाहावी लागते.

याचा एक साधा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. एचटीटीपी आर्काइव्ह या प्रकल्पाच्या मोजणीनुसार २०१० च्या अखेरीस संगणकावर उघडणाऱ्या मध्यम पानाचे वजन पाचशे किलोबाइटच्या आत होते. २०२४ मध्ये ते सुमारे २.६ मेगाबाइट झाले. आपल्या देशात २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान गती सेकंदाला २५६ किलोबिट ठरवली होती. २०१३ साली ती ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ साली २ मेगाबिट. आता २०१० चे पाचशे किलोबाइटचे पान त्या वेळच्या किमान गतीने उतरवावयास सुमारे १६ सेकंद लागत. २०२४ चे मध्यम पान नव्या किमान गतीने उतरवावयास सुमारे १० सेकंद लागतात. गतीची व्याख्या आठपट वाढली, पण वाट पाहण्याचा वेळ जेमतेम एक-तृतीयांशाने कमी झाला. मधली बहुतेक सगळी प्रगती पानाच्या वजनाने गिळून टाकली. ज्याच्याकडे अजूनही जुन्या गतीची जोडणी आहे, त्याच्या दृष्टीने तर ही पीछेहाटच झाली.

कार्यस्मृतीचीही कहाणी वेगळी नाही. रायगड जिल्ह्यातील खैरात येथील शाळेत २००७ साली प्रत्येक मुलास एक लॅपटॉप या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा प्रयोग झाला. त्यातील एक्सओ नावाच्या छोट्या संगणकात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट कार्यस्मृती आणि १ गिगाबाइट साठवण होती. त्यावर मुक्त स्रोत प्रणाली होती आणि फायरफॉक्सच्याच इंजिनावर बांधलेला साधा ब्राउझर होता. त्या काळी तेवढ्यात काम भागत असे. आज एखाद्या गजबजलेल्या संकेतस्थळाचा एकच टॅब ती सगळी स्मृती व्यापून टाकू शकतो. यंत्र तेच, मूल तेच. बदलले ते पान.

मुक्त स्रोत पर्यायांची वर्गवारी

मुक्त स्रोत जगात ब्राउझरची नावे पुष्कळ असली, तरी पान मांडणारी मुख्य इंजिने थोडीच आहेत. मोटारीच्या बाजारात निरनिराळ्या नावांच्या गाड्यांत एकाच कारखान्याचे इंजिन असावे, तसा हा प्रकार आहे. आज गेको, वेबकिट आणि ब्लिंक ही तीन प्रमुख इंजिने आहेत.

यांतील दोन इंजिनांचे मूळ एकच आहे आणि तो इतिहास सार्वजनिक वस्तूंच्या अभ्यासकाला उद्बोधक वाटावा असा आहे. केडीई या मुक्त स्रोत प्रकल्पातील स्वयंसेवकांनी कॉन्करर ब्राउझरसाठी केएचटीएमएल हे इंजिन तयार केले. ते आटोपशीर असल्यामुळे अॅपलने ते उचलून २००३ साली सफारी बाजारात आणला आणि त्या इंजिनाला वेबकिट हे नाव मिळाले. २००८ साली गूगलने क्रोमसाठी वेबकिट वापरले आणि २०१३ साली त्याची वेगळी शाखा काढून तिला ब्लिंक म्हटले. २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही त्याच इंजिनावर चालतो. काही स्वयंसेवकांच्या कामावर जगातील बहुसंख्य ब्राउझर उभे आहेत. ज्ञान ही वाटल्याने न संपणारी वस्तू आहे, या विधानाचे याहून चांगले उदाहरण सहसा सापडणार नाही.

निवडीच्या सोयीसाठी उपलब्ध ब्राउझरचे तीन गट करता येतील.

पहिला गट पूर्ण क्षमतेच्या ब्राउझरचा. फायरफॉक्स आणि क्रोमियम यांत येतात. जवळजवळ सर्व संकेतस्थळे त्यांत चालतात, सुरक्षिततेच्या दुरुस्त्या लवकर मिळतात. परंतु स्मृती जास्त लागते.

दुसरा गट मधल्या वजनाचा. ग्नोम प्रकल्पाचा एपिफनी, ज्याचे २०१२ पासूनचे नाव केवळ वेब असे आहे, तो वेबकिटवर चालतो. केडीईचा फॉकन हा पूर्वीचा कपझिला. तो क्यूटी या संचातील ब्लिंकच्या आवृत्तीवर चालतो. यांचे बाह्य आवरण हलके असते, इंजिन मात्र पूर्ण क्षमतेचे असते. एकेकाळी या गटात मिडोरीचे नाव आवर्जून घेतले जाई. २००७ साली सुरू झालेला हा ब्राउझर वेबकिटवर चालत असे आणि एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपच्या वापरकर्त्यांत लोकप्रिय होता. २०१९ साली तो दुसऱ्या संस्थेकडे गेल्यानंतर त्याची अंतर्गत रचना बदलली. म्हणून जुन्या लेखांतील शिफारशी वाचून निवड करणे योग्य नव्हे. नाव तेच राहते, वस्तू बदललेली असते.

तिसरा गट खऱ्या अर्थाने हलक्या ब्राउझरचा. डिलो आणि नेटसर्फ यांचा त्यात समावेश होतो. १९९९ साली सुरू झालेला डिलो अत्यल्प स्मृतीत चालतो. मधली काही वर्षे त्याचे काम थंडावले होते. २०२४ साली ३.१ ही आवृत्ती निघून ते पुन्हा सुरू झाले. तो जावास्क्रिप्ट चालवीत नाही. नेटसर्फ २००२ साली सुरू झाला. त्याचे इंजिन स्वतंत्र आहे आणि जावास्क्रिप्टला त्यात मर्यादित वाव आहे. या दोन्हींत वाचन उत्तम होते. अर्ज भरणे बहुधा होत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दुसऱ्या गटातील ब्राउझर घेतला म्हणजे स्मृती निम्म्याने वाचेल, अशी अपेक्षा अनेकजण बाळगतात. तसे होत नाही, कारण स्मृतीचा मोठा वाटा ब्राउझरच्या चौकटीने खाल्लेला नसून पानांनी खाल्लेला असतो. जाहिराती व माग ठेवणाऱ्या आज्ञावल्या रोखणारे विस्तारक फायरफॉक्समध्ये बसवले, तर होणारी बचत ब्राउझर बदलून होणाऱ्या बचतीपेक्षा पुष्कळदा अधिक असते. हलकेपणाची सुरुवात पानापासून व्हावी, हा या चर्चेतील पहिला व्यावहारिक निष्कर्ष होय.

मराठीची कसोटी

इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेल्या तुलनांत एक कसोटी कधीच नसते आणि आपल्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे देवनागरीची मांडणी. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चाराने व्यंजनानंतर येतो, पण लिहिला जातो त्याच्या आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरे नवे रूप घेतात. ही जुळणी करण्यासाठी पँगो आणि हार्फबझ यांसारखी मुक्त स्रोत यंत्रणा लागते. मोठ्या ब्राउझरमध्ये ती असते. नेटसर्फची जीटीके आवृत्ती पँगोची मदत घेते. परंतु अतिहलके ब्राउझर आपल्या वजनाची बचत अनेकदा येथेच करतात आणि मग ‘विद्यार्थी’ या शब्दाचे अवयव पडद्यावर विखुरलेले दिसतात.

यासाठी एक सोपी परीक्षा सुचवता येईल. निवडलेल्या ब्राउझरमध्ये ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द शेजारी शेजारी पाहावेत. पहिल्याचा अर्थ समुद्र, दुसऱ्याचा डोंगरांमधील खोलगट भाग. पहिल्यात रफार हवा, दुसऱ्यात आडवा अर्धा र. तसेच ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द पाहावेत. एका रेषेच्या फरकाने गुरुजनांचा मान स्वयंपाक्यांना मिळतो. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द नीट दिसला नाही, तर त्या ब्राउझरवर सातबारा वाचण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे नोंदवता येतो : एक नुक्ता असलेल्या र च्या आधारे आणि दुसरा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्हींचे दृश्य रूप सारखेच. पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. त्यामुळे खातेदाराचे नाव डोळ्यांना दिसते, पण शोध घेताना सापडत नाही, असे होऊ शकते. हा दोष ब्राउझरच्या वजनाचा नाही. तथापि, निवड करताना आपल्या कामातील नावे प्रत्यक्ष टंकून, शोधून पाहावीत, म्हणजे नंतर घोटाळा होत नाही.

मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत, हे छत्तीसगढातील मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. पान मराठीचे आहे अशी खूण संकेतस्थळाने दिली आणि टंकात दोन्ही वळणे असली, तर आधुनिक ब्राउझर योग्य वळण निवडतो. फायरफॉक्सचे आदेश व सूचना मराठीत उपलब्ध आहेत, ही त्याची आणखी एक जमेची बाजू. ज्येष्ठ नागरिकांच्या दृष्टीने काही मेगाबाइटच्या बचतीपेक्षा या सोयीचे मोल अधिक आहे.

सुरक्षिततेची किंमत

स्वस्त वस्तू विकत घेताना तिच्या देखभालीचा खर्च विसरला जातो. ब्राउझरच्या बाबतीत देखभाल म्हणजे सुरक्षिततेच्या दुरुस्त्या. ब्राउझर हा अनोळखी माणसांनी लिहिलेल्या आज्ञावल्या आपल्या घरात आणून चालवणारा कार्यक्रम आहे. त्यामुळे त्यातील दोष सतत सापडतात आणि ते तातडीने बुजवावे लागतात. हे काम मोठ्या मनुष्यबळाशिवाय होत नाही.

डेबियन या प्रसिद्ध लिनक्स वितरणाच्या अधिकृत टिपणांत याविषयी स्पष्ट सूचना असते. त्यात नेहमीच्या वापरासाठी फायरफॉक्स किंवा क्रोमियम यांची शिफारस केलेली असते. इतर इंजिनांपैकी वेबकिटच्या जीटीके आवृत्तीला सुरक्षिततेचा आधार दिला जातो. पण क्यूटीतील इंजिनाला तो दिला जात नाही. म्हणजे डेबियनवर एपिफनी आणि फॉकन हे वजनाने जवळपास असले, तरी जोखमीच्या दृष्टीने सारखे नाहीत. भारत सरकारच्या सीडॅक या संस्थेने विकसित केलेली आणि २००७ साली प्रसृत झालेली बॉस ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने ही सूचना आपल्याला विशेष लागू पडते.

डिलो, नेटसर्फ यांसारख्या ब्राउझरमध्ये संकेतस्थळांना वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवण्याची व्यवस्था नसते. वृत्तपत्र किंवा माहितीपत्रक वाचण्यासाठी ते अवश्य वापरावेत. बँकेचे व्यवहार, आधार क्रमांक किंवा परवलीचा शब्द यांसाठी ते वापरू नयेत. एका संगणकावर दोन ब्राउझर ठेवण्यास काहीच आडकाठी नाही : एक वाचनासाठी आणि दुसरा व्यवहारासाठी. बाजारात जाताना आपण घरातले सगळे दागिने अंगावर घालून जात नाही, तसेच हे आहे.

निवड कशी करावी?

वरील विवेचनावरून संगणकाच्या क्षमतेनुसार पुढील मार्गदर्शन करता येईल.

संगणकाची कार्यस्मृती १ गिगाबाइट किंवा त्याहून कमी असेल, तर त्याला वाचनयंत्र मानावे. त्यावर नेटसर्फसारखा ब्राउझर ठेवावा आणि आर्थिक व्यवहार टाळावेत. प्रोसेसर ३२-बिट असल्यास अडचण आणखी वाढते. क्रोमने ३२-बिट लिनक्सचा आधार २०१६ सालीच काढून घेतला होता. फायरफॉक्सनेही २०२५ साली १४५ व्या आवृत्तीपासून तो थांबवला. अशा यंत्राचे आयुष्य ब्राउझर बदलून फारसे वाढत नाही, हे मान्य करणे शहाणपणाचे ठरेल.

कार्यस्मृती २ गिगाबाइट असेल, तर निवडीला खरा अर्थ आहे. मोहन नगरच्या कल्पित घरातील संगणक याच वर्गातला. येथे प्रथम डेस्कटॉप हलका करावा. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ही त्यासाठी चांगली आवरणे आहेत. त्यावर फायरफॉक्सची दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती बसवावी, जाहिराती रोखणारे विस्तारक लावावे आणि एका वेळी तीन-चारच टॅब उघडावेत. लिनक्समधील झेडरॅम ही सोय कार्यस्मृतीतील मजकूर दाबून ठेवते. तिच्यामुळे अपुरी स्मृती काही प्रमाणात पुरते. एपिफनी हा दुसरा पर्याय म्हणून ठेवता येईल.

कार्यस्मृती ४ गिगाबाइट किंवा अधिक असेल, तर हलका ब्राउझर शोधण्यात वेळ घालवण्याची गरज नाही. तेथे मंदपणाचे कारण बहुधा जुनी फिरती तबकडी असते. तिच्या जागी एसएसडी बसवल्यास होणारा लाभ कोणताही ब्राउझर देऊ शकत नाही.

अंतिम निर्णय मात्र प्रत्यक्ष मोजणीवरच घ्यावा. संगणक नव्याने सुरू करावा, आपल्या रोजच्या कामाची तीन संकेतस्थळे एका ब्राउझरमध्ये उघडावीत आणि पाच मिनिटांनी किती स्मृती शिल्लक आहे ते पाहावे. मग संगणक पुन्हा सुरू करून तीच संकेतस्थळे दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावीत. इतरांच्या तुलनातक्त्यांपेक्षा ही अर्ध्या तासाची चाचणी अधिक विश्वसनीय असते, कारण त्यात संकेतस्थळे आपली असतात.

जुना संगणक वापरणे सर्वच परिस्थितींत काटकसरीचे असते, असेही समजू नये. जुना डेस्कटॉप १०० वॅट आणि नवा छोटा संगणक २० वॅट वीज घेतो असे धरले, तर दिवसाला सहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस वापर असलेल्या वाचनालयात एका संगणकामागे १४४ युनिटांचा फरक पडतो. असे वीस संगणक असतील तर हा फरक वर्षाला २,८८० युनिटांवर जातो. घरी दिवसातून अर्धा तास वापर असेल, तर हाच फरक नगण्य ठरतो. संगणक तोच, पण वापराच्या तासांनुसार निर्णय उलटा होऊ शकतो.

शासनाची भूमिका

ब्राउझरच्या निवडीचा सगळा भार नागरिकावर टाकणे न्याय्य होणार नाही. ज्या पानामुळे ब्राउझर जड होतो, ते पान पुष्कळदा शासनाचेच असते. एकेकाळी अनेक शासकीय संकेतस्थळे केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट चालत. त्यामुळे मुक्त स्रोत प्रणाली वापरणारा नागरिक आपोआपच बाहेर राहत असे. २०२२ च्या जूनमध्ये तो ब्राउझर निवृत्त झाला आणि एकाच उत्पादनावर विसंबण्याचा धोका सर्वांच्या लक्षात आला.

धोरणाच्या पातळीवर दिशा योग्य आहे. ई-प्रशासनातील मुक्त मानकांचे धोरण २०१० साली, तर शासनात मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ साली जाहीर झाले. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात आहेत. इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये भारतीय वेब ब्राउझर विकसित करण्याची स्पर्धा जाहीर केली. तिचा निकाल २०२५ च्या मार्चमध्ये लागला आणि झोहोच्या चमूला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. ब्राउझर ही राष्ट्रीय महत्त्वाची पायाभूत सुविधा आहे, याची ही पावतीच होय.

या दिशेने आणखी तीन गोष्टी करता येतील. पहिली, शासकीय संकेतस्थळाच्या पानाला वजनाची कमाल मर्यादा असावी आणि कंत्राटात तिचा समावेश व्हावा. रस्त्यावरील पुलाला भाराची मर्यादा लिहिलेली असते, तशीच ही. दुसरी, प्रत्येक नवी सेवा सुरू करण्यापूर्वी ती २ गिगाबाइट कार्यस्मृतीच्या संगणकावर, मुक्त स्रोत प्रणालीत आणि किमान दोन वेगळ्या इंजिनांवर तपासली जावी. तिसरी, मुक्त स्रोत ब्राउझरमधील भारतीय भाषांच्या कामाला सातत्याने अर्थसाहाय्य मिळावे. सार्वजनिक वस्तूचा लाभ सर्व घेतात, पण तिचा खर्च उचलण्यास पुढे कोणी येत नाही, ही अर्थशास्त्रातील जुनी अडचण येथेही आहे. फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलच्या शोधसेवेशी केलेल्या करारातून येतो. म्हणजे स्पर्धकाच्या पैशावर स्पर्धा टिकून आहे. ही स्थिती कायमची विसंबण्याजोगी नव्हे.

ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांचा भर मुख्यतः टाकून दिलेल्या उपकरणांच्या पुनर्चक्रणावर आहे. परंतु सर्वांत स्वस्त पुनर्चक्रण म्हणजे उपकरण टाकूच न देणे. शाळा, वाचनालये आणि बचतगट यांना जुने संगणक मुक्त स्रोत प्रणाली बसवून देण्याचे उपक्रम स्थानिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या मदतीने कमी खर्चात राबवता येतील. त्यासाठी यंत्रापेक्षा माणसाच्या वेळेची आणि थोड्या प्रशिक्षणाची गरज आहे.

समारोप

हलक्या ब्राउझरची निवड म्हणजे सर्वांत कमी स्मृती खाणारा ब्राउझर शोधणे नव्हे. आपली कामे पूर्ण करणारा, मराठी शुद्ध दाखवणारा, वेळेवर दुरुस्त होणारा आणि या तिन्ही अटी पाळून आपल्या यंत्राला पेलणारा ब्राउझर शोधणे म्हणजे ही निवड. या क्रमात वजन शेवटी येते. बहुसंख्य २ गिगाबाइट संगणकांवर नीट जुळवलेला फायरफॉक्स आणि सोबत वाचनासाठी एखादा अतिहलका ब्राउझर, ही जोडी पुरेशी ठरावी.

त्याहून मोठे काम पाने हलकी करण्याचे आहे. नागरिकाने आपला जुना संगणक सांभाळला, त्यावर मुक्त स्रोत प्रणाली बसवली, योग्य ब्राउझर निवडला, तरी शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पानच पाच मेगाबाइटचे असेल, तर त्याच्या काटकसरीला अर्थ राहत नाही. माहितीचा अधिकार कायद्याने दिला. ती माहिती सामान्य माणसाच्या यंत्रात मावेल अशा आकारात देणे हे त्या अधिकाराचेच पुढचे पाऊल आहे.